हमजा खरं काय म्हणाला

प्रिय आप्पा,

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतं, तुमचं पुण्यानुमोदन आहे. परवा रामाकाका टेलिफोन एक्सचेंजमध्ये येऊन सांगून गेले, "सुजा, मास्तरांवर चार शब्द तू बोलायचेस. शेवटच्या दिवसांत बेटावर तूच होतीस त्यांच्यासोबत. लोकांना ती गोष्ट ऐकायची आहे." मी हो म्हणून बसले. आज दुपारची सुट्टी होती म्हणून कागद घेतला, 'आदरणीय भंते, जमलेल्या बंधुभगिनींनो' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. तो कागद फाडला. दुसऱ्यावर तुमचं नाव लिहिलं गेलं.

आप्पा, मला ती गोष्ट सांगता येणार नाही. लोकांना जी माहीत आहे ती खरी नाही. ती खोटी मी केली आहे, आणि ते तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही गेलात तरी माहीत नाही! म्हणून आधी तुम्हाला लिहिते. उत्तर येणार नाही, हे काय मला कळत नाही? पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता श्वास घेता येत नाही हो.

तुम्हाला आठवतं, नोकरीतली प्रवाससवलत, एलटीसी, मंजूर झाल्याचं सांगायला मी वरंधखालच्या आपल्या वाडीत आले होते? मी म्हटलं, उटीला जाऊ, नाहीतर म्हैसूरला. तुम्ही ओटीवर बसून चष्मा पुसत होतात. म्हणालात, "सुजा, मला लक्षद्वीपला ने." आई आतून ओरडली, "आता म्हातारपणी समुद्रात काय ठेवलंय?" तुम्ही हसलात. "तीस वर्षं मी पोरांना प्रवाळबेट शिकवलं. फळ्यावर लाल खडूनं काढलं. एकदा बघू तरी दे, मी बरोबर काढत होतो की नाही."

आई येईना. तिला पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणारी एसटी लागायची, मग बोटीत ती काय बसणार? मी आणि तुम्ही निघालो. कोचीच्या धक्क्यावर तुम्ही नवी कोरी वही काढलीत आणि जहाजाच्या शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजून लिहिल्यात. असं कोण करतं आप्पा!

बेटाला धक्का नव्हता. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबलं आणि आपल्याला बाजूच्या दारातून खाली हलणाऱ्या होडीत उडी मारायला सांगितलं. मी घाबरून मागे सरले. तुम्ही धोतर खोचलंत आणि माझ्याआधी उडी घेतलीत. खाली होडीत एका माणसानं तुम्हाला दोन्ही हातांनी झेललं. काळासावळा, रुंद खांद्यांचा, माझ्याच वयाचा असेल. तो हमजा. पाहुण्यांना पाण्यात उतरवायचं, बुड्या मारायला शिकवायचं काम त्याच्याकडे होतं.

किती आनंदात होतात तुम्ही त्या चार दिवसांत! मी तुम्हाला तसं कधीच पाहिलं नव्हतं. शाळेत कडक, घरात गप्प, मार्चमध्ये चवदार तळ्यावर गेलो की पायरीवर तासभर न बोलता बसणारे. आणि तिथे? पोरं फळीवर पोटावर झोपून लाटेबरोबर सरसर किनाऱ्याला येत होती, तर तुम्ही एकाची फळी मागून घेतलीत. पहिल्याच लाटेनं तुम्हाला उलटं केलं. तोंडात वाळू, धोतर कमरेला गुंडाळलेलं, आणि तुम्ही हसताय. पोरं टाळ्या वाजवतायत. मी किनाऱ्यावर लाजेनं अर्धी झाले होते, आता तुमचं ते हसणंच डोळ्यांसमोर येतं.

हमजानं आपल्याला त्याच्या बायकोच्या घरी जेवायला नेलं. तिकडे घर बाईच्या नावावर असतं, नवरा तिच्याकडे येऊन राहतो, हे ऐकून तुम्ही वहीत चार ओळी लिहिल्यात आणि म्हणालात, "हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती मला वाडीतून हाकलून देईल." त्याची सासू अंगणात काथ्या ठोकत बसली होती. तिनं हातातलं लाकूड बाजूला ठेवलं, तुम्हाला विहिरीकडे नेलं आणि पोहरा तुमच्याच हातात दिला. तुम्ही पाणी शेंदून हातपाय धुतलेत, प्यायलात. ती फक्त एवढंच विचारत होती की महाड नावाचं गाव समुद्रापासून किती लांब आहे. परत येताना तुम्ही वही काढलीत आणि तशीच मिटलीत. मग म्हणालात, "अंघोळीचा डोह कुणाचा, हे लहानपणी मला कुणी सांगायच्या आधी दगडानं कळलं होतं."

ती गोष्ट तुम्ही मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलीत. वाडीच्या वर, नदीच्या वळणावर, तो मोठा डोह. गावची पोरं तिथे पोहायची. तुम्ही सात वर्षांचे असताना एकदा काठावर गेलात, नुसते पाय बुडवले, आणि वरून दगड आले. कानशिलावरची ती खूण मला वाटायचं गोवराची आहे! आपली माणसं खालच्या उथळ पाण्यात अंग विसळायची. तिथे गुडघाभर पाण्यात कोण पोहायला शिकणार? "तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आम्ही," तुम्ही म्हणालात, "पण पाण्यात अंग टाकणं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही हमजाला म्हणालात, "टीच मी." मला शिकव.

फुगलेलं नारिंगी जॅकेट घालून तुम्ही प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ खाजणात उतरलात. काचेचा मुखवटा डोळ्यांवर लावला, डोकं पाण्याखाली घातलंत, आणि वर येऊन मला ओरडून काय सांगितलंत? "सुजा! लाल नाही गो! सगळं चुकलं! जांभळं आहे, पिवळं आहे, हिरवं आहे, मी तीस वर्षं पोरांना लाल शिकवलं!" होडीतले सगळे हसले. तुम्ही पुन्हा खाली. पुन्हा वर. "पोपटासारखे मासे आहेत, ते दगड कुरतडतात, त्यांचा आवाज येतो!" साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, आणि आवाज दहा वर्षांच्या मुलाचा.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले आहे.

शेवटच्या दिवशी तुम्ही जॅकेट काढायला लावलंत. पाणी छातीएवढं होतं. हमजा बाजूला चालत होता. तुम्ही हात मारत निघालात. दहा हात मारलेत, बारा मारलेत, आणि उभे राहून दोन्ही हात वर केलेत. मी टाळ्या वाजवल्या. पण आप्पा, मी होडीत उंचावर बसले होते आणि पाणी काचेसारखं होतं. मला दिसत होतं. हमजाचा एक हात सारा वेळ तुमच्या पोटाखाली होता. टेकलेला नव्हता. तुम्ही बुडायला लागलात की नुसता तळवा लावायचा आणि काढून घ्यायचा.

मग तुम्ही पोरांना दाखवायला किनाऱ्याकडे गेलात आणि हमजा होडीला धरून माझ्याजवळ आला. त्याला हिंदी नीट येत नव्हती, मला मल्याळम येत नव्हतं. शाळेतल्या इंग्रजीत तो म्हणाला, "सिस्टर, फादर नो स्विमिंग. सॉल्ट वॉटर स्विमिंग. माय हँड स्विमिंग. यू टेल हिम. होम, रिव्हर, नो. अलोन, नो."

खारं पाणी आणि माझा हात त्यांना तरंगवतो, घरच्या नदीत एकट्यानं उतरू देऊ नकोस, हे त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बोट वर करून सांगितलं.

तुम्ही परत आलात, धापा टाकत, केसांतून पाणी गळतंय. "काय म्हणत होता गो तो?"

आप्पा, दिवसाचे आठ तास मी एक्सचेंजच्या बोर्डवर बसून एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवते. ट्रंक कॉलवर आवाज खरखरला तर मधे बसून मी शब्द न् शब्द सांगते, मयताचा निरोपसुद्धा. कधी एक अक्षर बदललं नाही. आणि तुमच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "तो म्हणतोय, मास्तर आता पक्के पोहणारे झाले."

का म्हटलं मी असं? बारा महिने रोज विचारते. तुमच्या तोंडावरचं ते हसू जाऊ नये म्हणून? तो हात सांगितला असता तर तुम्ही ते हात वर करून उभं राहणं कायमचं गिळलं असतं म्हणून? मला वाटलं, घरी जाऊन काय, तुम्ही कुठे पाण्यात उतरणार आहात! एक वाक्य. एका वाक्यानं काय होतं?

आणि तुम्ही तरी एवढे का विश्वासलात हो माझ्यावर? जहाजावर कठड्याशी उभे असताना तुम्ही मला पुन्हा विचारलंत. शाळा तपासनीसासारखं, चष्म्यावरून बघत. "सुजा, खरं सांग. माझं मन राखायला नको. तो असंच म्हणाला? शब्दशः?" केवढी संधी दिलीत तुम्ही मला! समुद्र शांत होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, मला काय अडचण होती? मी म्हटलं, "शब्दशः."

मग ते वाक्य तुम्ही घेऊनच आलात वाडीत. एसटीतून उतरल्यावर रामाकाकांना पहिलं तेच सांगितलंत. दुकानात, समाजमंदिरात, शाळेच्या नव्या हेडमास्तरांना. "हमजा म्हणाला, मास्तर पक्के पोहणारे झाले." मी दर रविवारी यायचे आणि दर रविवारी ऐकायचे. एकदा म्हणालात, "थंडी जरा कमी झाली की वरच्या डोहात उतरून बघायचंय." माझ्या घशापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हटलं? "सांभाळून हं आप्पा." सांभाळून!

डोहावर तुम्हाला कुणी अडवलं नाही. अडवायला तिथे कुणी नव्हतंच. वरच्या डोंगरवाडीवरची एक बाई म्हशी घेऊन पाण्यावर आली तेव्हा तिला खडकावर घडी घातलेले कपडे दिसले. धोतर, सदरा, वर चष्मा, चष्म्याशेजारी घड्याळ. ती बोंबलत खाली आली. "मास्तरांची कापडं हायत, मास्तर नाय!" मला एक्सचेंजमध्ये फोन आला, माझ्याच बोर्डवर. मीच उचलला.

लोक दोन गोष्टी बोलले. काहींनी म्हटलं, मुलीनं त्या बेटावर नेलं नसतं तर मास्तर आज असते. दुसरी गोष्ट हळू आवाजात. कपडे बघा कसे घडी घालून ठेवले, चष्मासुद्धा. रिटायर झाल्यावर माणूस असा होतो. मनात काहीतरी असणार. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तुम्ही तर झोपतानासुद्धा सदऱ्याची घडी घालायचात! पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आणि आई. तिला मी महाडला माझ्याकडे आणलं, पण वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलते. दूध आलं. दार लाव. भाकरी झाकली हाय. मी कामावरून आले की पाठ करून भिंतीकडे बसते. मी मनाशी म्हणायचे, बरोबर आहे. तूच नेलंस, असं तिला म्हणायचं आहे, आणि ती म्हणत नाही एवढीच तिची दया. इथवर लिहिलं आणि आता मला वाटतंय, रविवारी मी तोंड उघडलं तर 'पक्के पोहणारे' या तुमच्या वाक्याशिवाय दुसरं काही बाहेर येणार नाही. सगळे माना डोलावतील. मला ते सहन होणार नाही. मी काय करू आप्पा? कुठे जाऊ?

मधे तासभर गेला. पेन तसंच टाकून स्वयंपाकघरात गेले होते.

आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. तुमचे बारा हात, हमजाचा तळवा, तो काय म्हणाला, मी काय म्हटलं, जहाजावर तुम्ही पुन्हा काय विचारलंत. एकदाही थांबले नाही. थांबले असते तर पुढे गेले नसते.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या पाठीत एक बुक्की मारली. मग दुसरी. मी लहान असतानाही तिनं मला कधी मारलं नव्हतं. "का नाय सांगितलंस गो त्यांना? का नाय सांगितलंस?" मी तशीच बसून राहिले. मारू दे, असंच वाटत होतं.

मग ती एकदम थांबली. माझा हात धरला. म्हणाली, "म्हंजी त्यांना खरंच वाटत व्हतं, पोहता येतं म्हणून?"

"हो."

"मनापासून? नुसती बढाई नव्हती ती?"

"नाही आई. मी सांगितलं म्हणून त्यांचा पक्का विश्वास बसला होता. पुन्हा विचारून खात्री करून घेतली त्यांनी."

"तुझ्या गळ्याशप्पत सांग."

मी सांगितलं.

आप्पा, मग ती जी रडायला लागली! तुम्हाला नेलं त्या दिवशी ती रडली नव्हती. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. बऱ्याच वेळानं तिला बोलता आलं. त्या सकाळचं मला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही पाण्यावर निघालात आणि तिनं हमजानं निघताना तुम्हाला भेट दिलेली ती मुखवट्याची काच लाकडाच्या माचीमागे लपवून ठेवली होती. तुम्ही शोधत राहिलात. तिचा तोल गेला. ती तुम्हाला म्हणाली, "सारखं पाणी नि पाणी! जा एकदाचे त्या पाण्यात नि तिथंच ऱ्हावा!" तुम्ही टॉवेल घेऊन निघून गेलात.

"काच घेतल्याबगर पोहायला उतरायचं नाय, असं ते सारखं म्हणायचे," ती म्हणाली. "नि पोहता येत नाय हे त्यांचं त्यांना कळत असणारच, मास्तर माणूस. मग मला काय वाटणार? मी जा म्हटलं, म्हणून ते गेले. वरीसभर मी तुझ्या तोंडाकडं बघू नाय शकले गो. तुझ्या बापाला मी घालवला, नि तुझंच अन्न खाते."

बारा महिने, आप्पा! दोन खोल्यांत, एका चुलीवर. मी तिला घाबरत होते आणि ती मला.

"ते पोहायला गेले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मरायला नाय गेले. पोहायला गेले." तिला त्या शब्दांनी श्वास आला, मला दिसलं. पण माझं काय? जे ऐकून ती सुटली त्याच्यातच मी आहे. तुम्ही आनंदानं उतरलात हे खरं, कारण मी खोटं बोलले हेही खरं. एक सोडून दुसरं धरता येत नाही. तुम्ही त्या गार पाण्यात दहा हात मारलेत का? अकराव्याला खाली हाताचा आधार शोधलात का? त्या क्षणी तुम्हाला कळलं का, की मुलगी खोटं बोलली होती? हे मला कोण सांगणार? कळलंच असेल तर रागावला होतात का?

मघाशी आई दारात येऊन उभी राहिली होती. डोळे सुजलेत, पण माझ्याकडे बघून बोलली. "रविवारी हे सांगू नकोस गो. माझ्यापुरतं मला कळलं, बास झालं. लोक तुला जगू द्यायचे नायत. तुझं लग्न व्हायचंय, नोकरी हाय. मास्तर चांगले व्हते एवढंच बोल नि खाली बस." वर्षभरानं ती माझी काळजी करते आहे, आणि पहिल्याच गोष्टीत मी तिचं ऐकणार नाही.

कारण कपड्यांच्या त्या घडीबद्दल लोक अजून बोलतात. परवा रामाकाकासुद्धा जाता जाता म्हणाले, "मास्तरांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक." तुमचा सख्खा भाऊ! ज्यांना तुम्ही वाचायला शिकवलंत ती माणसं तुम्हाला जिवाला कंटाळलेला म्हातारा समजतात. तुम्ही! ज्यांना साठाव्या वर्षी खडूचा रंग दुरुस्त करायचा होता!

मी तुमची माफी मागत नाही. मागायची तर तुम्ही समोर हवे होतात, चष्म्यावरून बघायला. एक वचन मात्र देते. रविवारी समाजमंदिरात वंदना झाली की मी उभी राहीन. हमजाचं बोलणं त्याच्या मोडक्या इंग्रजीत सांगेन, मग मराठीत सांगेन, मग मी तुम्हाला काय सांगितलं ते सांगेन. आवाज फुटला नाही तर थांबेन, पाणी पिईन, पुन्हा सुरुवात करेन. तुम्ही माझ्यामुळे गेलात, असं लोकांनी जन्मभर म्हटलं तरी ऐकून घेईन. पण तुम्हाला जगायचं नव्हतं, असं आप्पा, यापुढे या तालुक्यात कुणी म्हणणार नाही.

तुमची मुलगी,
सुजा